लोड

चाळीस वर्षं पारोळ्याच्या नाक्यावर
मी जळालेल्या मोटारी भरल्या.
तांब्याची तार, पिवळा कागद, वार्निशचा वास,
आणि सगळ्यात शेवटी कान.
मोटार खोटं बोलत नाही.
रिकामी फिरते तेव्हा एक सूर,
पाणी उचलते तेव्हा दुसरा.

दुकान पोराला दिलं, गावी आलो.
घरामागे पाच गुंठे, त्यातला अर्धा मुरूम.
चांगल्या अर्ध्यात कोकिळानं भरताची वांगी लावली.
जांभळी फुलं यायची, देठासकट गळायची.
आठवडाभर बसून बघितलं,
एक भुंगा फिरकला नाही.

मग बोरीच्या काठच्या रस्त्यावरून
तरवडाच्या चपट्या शेंगा खिशात भरून आणल्या.
बियांवर कढत पाणी ओतलं, रात्रभर ठेवलं,
सकाळी सरळ मुरमात टोचल्या.
पिशवीत नाही.
तरवड आधी खाली जातो,
वर काय चाललंय ते सावकाश बघतो.

झुलाल कुंपणावरून म्हणाला,
"जिभाऊ, हाई काय लायं? ढोर बी खात नही."
मी म्हटलं, म्हणूनच.

पहिल्या वर्षी वीतभर.
दुसऱ्या उन्हाळ्यात पत्रा तडतडत होता,
त्यानं तांब्याभर पाणी मागितलं नाही.
कोकिळा म्हणाली, असा एक जावई पाहिजे होता.

तिसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता
मुरमावर हळदीचं पोतं फाटलं.

आणि ते आले. काळे, जाड,
पंखांवर ऑइल सांडल्यासारखी निळाई.
एक फुलाला लटकला, पंख मिटले,
आणि नुसतं अंग घुमवलं.
सूर चढला.
मी उभ्या उभ्या हसलो: लोड आला!
पिवळी पूड त्याच्या पोटावर उडाली.
या फुलात मध नसतोच. वांग्याच्याही नसतो.
अंग घुमवल्याशिवाय
दोघंही मुठीतलं काही सोडत नाहीत.
तो तिथून उठला, वांग्यात शिरला.
तोच सूर.

आता पडवीच्या सागवानी दांडीला भोकं पडलीत.
रोज सकाळी खाली चिमूटभर भुसा,
कोकिळा तो झाडते आणि मला बोलते.
तिच्यासाठी मी शेवग्याचं वाळलं खोड
भिंतीला टेकवून ठेवलंय.
तिकडे एकच राहायला गेला. बाकीचे दांडीतच.

काल झुलालनं बी मागितलं.
बेअरिंगच्या रिकाम्या डबीत घालून दिलं,
वर नंबर तसाच, बासष्ट शून्य पाच.
त्यानं डबी कानाशी धरली,
हलवून बघितली.