अक्रोडाच्या जागी

ऐकू येतंय का? फोन पिठाच्या डब्याला टेकवलाय,
म्हणजे तुला माझी हनुवटी दिसेल
आणि छतावरचा ओलीचा डाग.
बोल, बेर्गामोत आज काय मिळालं नाही?

चीज. बरं.
आपलं इमेरेतीचं नसेल तर दोन घे,
एक ताणलं की लांबत जाणारं, एक खारट, भुगा होणारं,
वर दोन चमचे दही, आंबट असलं तरच.
एकट्यादुकट्याचं काम नाही ते.
आंबट आलुबुखार नसतील तर कच्चे जर्दाळू उकड.
केशराचं विचारूच नकोस. आपण ज्याला केशर म्हणतो
तो झेंडू आहे, वाळवून चुरलेला.
खरं केशर या घरात कधी आलंच नाही
आणि तुझ्या लग्नात कुणी ताटावरून उठलंही नाही.

निळी मेथी मात्र पाठवते, मिनीबसवाल्या गोचाबरोबर.
तिचं नावच आपल्याकडे ‘परका वास’.
कुठून आली, कुणी आणली, कुणास ठाऊक;
आता तिच्यावाचून पान हलत नाही.

हो, मिळालं तुझं यंत्र.
तुझ्याच जुन्या स्वेटरात गुंडाळून आणलं त्याने.
आठशे वॅट, चार पाती, तीन वेग,
आणि टोपी घातल्याशिवाय जागचं हलायचं नाही,
थेट तुझ्या बापासारखं.
लामाराने डोळे विस्फारले, विचारलं, केवढ्याला?
मी आकडा थोडा वाढवूनच सांगितला.

पण अक्रोड घातले आणि अर्ध्या मिनिटात पीठ!
कोरडं. पीठ कुणाला हवंय, मला तेल हवंय.
आपला तो बिडाचा, टेबलाच्या कडेला आवळायचा,
तीनदा फिरवावा लागतो, कबूल.
पहिल्यांदा भरड, दुसऱ्यांदा लगदा,
तिसऱ्यांदा मुठीत दाबलं
की बोटांच्या फटींतून तेल उतरतं, पिवळंधमक.
वीज नव्हती त्या वर्षांत तूच फिरवायचीस,
मेणबत्ती दातात धरल्यासारखी गप्प उभी राहून.
मनगट? मनगटाला काय झालंय?
तू मनगटाकडे बघू नकोस, छताकडे बघ.

काय म्हणालीस?
हेझलनट?
अक्रोडाच्या जागी
हेझलनट?
सिन्योरा इर्मांना अक्रोडाने तोंड येतं म्हणून?
खातुना, चीजचं मी समजू शकते,
आलुबुखाराचं समजू शकते...
आणि त्या खातात? वाटी पुसून?
दर रविवारी मागतात, नाव घेऊन?
पदार्थाचं की तुझं?

ठेवते. दूध उतू चाललंय.

दूध नव्हतंच गॅसवर.

रात्री डब्याच्या तळाशी सापडले मूठभर,
केकसाठी राखून विसरलेले.
भाजले, फडक्यात चोळले,
खिडकीत उभी राहून सालं फुंकली.
यंत्राला टोपी घातली, बटण दाबलं,
लामाराची नात धावत आली,
विमान उतरलं का म्हणाली.
(तिची आईही तिकडेच, कुठल्याशा आजोबांच्या उशाशी.
आठवड्यातले चार दिवस ती माझ्याकडेच जेवते.)
लसूण, धणे, निळी मेथी, झेंडू,
व्हिनेगर, कोमट पाणी बेताबेताने.
पोरीने बोट बुडवलं.
मग मी. उजवं नाही, डावं;
उजवं आज वर उचलत नव्हतं.

उद्या फोन केलास की सांगेन,
जरा गोडच होतंय, व्हिनेगर अर्धा चमचा वाढव.
भाजताना घाई केलीस तर कडवटतं.
आणि त्यांना रात्रीचा लसूण कमी घाल,
या वयात छातीत जळजळतं, मला विचार.
बाकी वाईट नाही, एवढंच म्हणेन.
वाटी पोरगी घेऊन गेली घरी,
अजून परत आणलेली नाही.