अक्षराला दोन रुपये

जांभळी नाक्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी
माझं यंत्र. सुई टर्रर्र करते, स्टीलवर नाव उमटतं.
एकोणचाळीस वर्षं.

सुरुवातीला कोलशेतहून, माजिवड्याहून बायका यायच्या,
पिशवीत एखादंच पातेलं.
दगडू. केरू. नकोशी.
एक म्हणालेली, आधीचे तीन गेले,
ह्याला दगडच म्हणते. दगडाला कोण नेतंय?
मी तांब्यावर दगड कोरला.
खरंच नाही नेला कोणी.
मग सिव्हिलमध्ये पोरं जगायला लागली
आणि दगड मागायला कोणी येईना.
(माझ्याही आधी दोन गेलेले.
पाटीवर मात्र डी. बी. आहे.)

वागळे इस्टेटचे भोंगे वाजत होते तोवर
प्रशांत, संतोष, पुन्हा संतोष.
एकाच चाळीत चार संतोष निघाले,
वाट्या बदलल्या म्हणून भांडण माझ्या पायरीवर.

कोपरीचे जाधवमास्तर एका रविवारी
घरातली सगळी भांडी घेऊन आले.
म्हसू घासून काढा, महेंद्र घाला.
घासलं. उन्हात तिरपं धरलं की
खालचा म्हसू दिसायचा.
राहू द्या, म्हणाले,
पोराला कळू दे, काय पुसून काय लिहिलंय.

आता घोडबंदरच्या टॉवरांतून येतात.
नाव मोबाईलवर दाखवतात.
कॅनडात कोणाची जीभ अडखळायला नको, म्हणतात.
मायरा. कियान. आणि एक नुसतीच झो.
पुरुषोत्तमचे दहा व्हायचे, झोचे दोन.
मी काय खाऊ?

परवा एक बाई आली, एकटीच,
हातात चांदीचा पेला, पाठीशी बांधलेलं पोर.
म्हणाली, लिहा: अबीर.
लिहिलं. पुढे?
सुलभा.
आई का? ती हसली. मीच.
पुढे?
एवढंच.

सुई वर धरून थांबलो.
बापाचं, मग आडनावाचं,
जागा सोडायची सवय हाताला.
मी आधीच डावीकडून सुरुवात केली होती,
त्यामुळे उजवीकडे अर्धा पेला कोराच राहिला.
म्हटलं, बाई, चुकलं माझं, मधोमध यायला हवं होतं.
तिने पेला फिरवून पाहिला.
असू दे, म्हणाली,
मोठा झाला की तो बघेल.