दहाव्या मात्रेवर

माझा धंदा टाळ्यांचा.
एकेचाळीस वर्षं गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून
मी टाळ्या दिल्या, पोस्टरवर नाव न येणाऱ्या.
लग्नात उघडी टाळी. सोलेआला बंद,
तळहात वाटीसारखे वाकवून,
जणू आत पाणी आहे आणि ते सांडायचं नाही.

क्रिसांतो माझा भाऊ. तो गातो.
म्हणजे तो पिंपं बनवायचा, हेरेसच्या कोठारात,
आणि लोखंडी कडी ठोकताना तोंडातून जे निघायचं
त्याला पुढे लोक गाणं म्हणू लागले.
आता वय अठ्ठ्याहत्तर. दात दोन, मत एक:
गाणं मेलं. पोरांनी मारलं.

पोरं म्हणजे साराई, आमच्या धाकटीची नात.
नखं लांब, निळी. त्या नखांनी टाळी वाजत नाही,
पण तिला कुठे वाजवायची आहे?
लॅपटॉपमध्ये टाळ्यांचं एक कपाटच आहे तिच्या,
ओल्या, कोरड्या, गल्लीच्या टोकाहून आलेल्या.
एका हातानं टाळी वाजत नाही, असं ऐकत आलो.
आता बिनहातांची वाजते.

मला राग आला होता. खोटं का बोलू?
मग ती म्हणाली, "सोकोरो आजी, तुझ्या घेऊ का?"
आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
कुणी माझ्या हातांसमोर माइक ठेवला.

ऑगस्टची दुपार. खिडकीला घोंगडी,
पंखा बंद, गुणगुणतो म्हणून फ्रीजही बंद.
क्रिसांतो नुसता शिव्या द्यायला आला आणि बसला.
"आमच्या वेळी गिटार आणि लाकडी खोका, बस!"
मी हसले. अरे, तो खोका पेरूहून आला
तेव्हा तुझी थोरली शाळेत जात होती,
आणि तू म्हणालास, खोका कशाला, शवपेटीच आणा.
आणि गिटार? आपल्या बापाला तेही चोचले वाटायचे.
तो टेबलावर बोटांची पेरं आपटून गायचा,
आणि आजोबा म्हणायचे, टेबल कशाला?

तो गप्प झाला. मग गायला.

सोलेआची ओळ दहाव्या मात्रेवर मिटते.
बायकोला पुरल्यापासून क्रिसांतो
दहावीवर उशिरा येतो.
फार नाही. चमचा खाली पडायला लागतो तेवढा.
मी थांबते. ते थांबणं कुणाला ऐकू येत नाही,
पण माझ्या टाळ्यांत तेवढंच माझं आहे.

साराईनं पडद्यावर एक रेघ ओढली,
त्याचा उशीर पुसला, मात्रा जागच्या जागी.
सगळं रांगेत, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखं.
क्रिसांतोनं शेवटपर्यंत ऐकलं.
"कोण हा? चांगला गातो," म्हणाला.
"याचं अजून कुणी गेलेलं नाही."

ती काही बोलली नाही. एक कळ दाबली,
उशीर परत आला.
मग तिनं तेवढाच तुकडा कापला,
आवाज नसलेला, माझा श्वास असलेला,
आणि पुन्हा पुन्हा लावला, सोळा वेळा,
खालून असा खर्ज सोडला की बशीत कप थरथरले.
अख्खं गाणं त्या खळग्याभोवती लंगडत फिरू लागलं.

मला ते आवडलं की नाही, अजून ठरत नाही.
क्रिसांतो म्हणाला, "आवाज कमी कर, शेजारी झोपलेत."
आयुष्यात यानं शेजाऱ्यांची पर्वा केली नव्हती.

रात्री अंथरुणात हात आपोआप वाटीसारखे झाले.
त्या डब्यात एक माणूस आहे,
आम्ही दोघं गेल्यावरही तो उशिराच येईल,
आणि मी तिथे थांबलेली असेन.

फ्रीज लावायचा राहून गेला.
सकाळी दीड किलो तारल्या फेकाव्या लागल्या.
ते नव्या संगीताचं पाप,
असं क्रिसांतो भेटेल त्याला सांगतो.