हिरवी दोरी

अदिस अबाबाच्या विमानतळाच्या तळघरात
मी रात्रपाळीला असतो.
वर माणसं धावतात, ते इथे छताच्या थरथरीवरून कळतं.
खाली बॅगा. त्या आपणहून धावत नाहीत,
त्यांना पळवावं लागतं.

माझ्यापुरती माणसं म्हणजे तीन अक्षरं.
एल एफ डब्ल्यू, म्हणजे लोमेचे कापडाचे गठ्ठे.
सी ए एन, म्हणजे ग्वांगजू:
जाताना पोकळ, येताना शिवण उसवलेल्या.
वाय वाय झेड म्हणजे टोरांटो.
टोरांटोच्या बॅगांना मिरचीचा वास येतो.

आज त्यातली एक आईची.

बहिर दारहून अदिस, अदिसहून टोरांटो,
मधे पंचावन्न मिनिटं.
तिकीट तिरुनेशने काढलं, तिकडून, स्वस्तातलं.
मी म्हटलं, बाई गं, मधे चार तास तरी ठेव,
आईचे गुडघे आठव.
ती म्हणाली, चार तासांचे दीडशे डॉलर जास्त पडतात
आणि तू आहेस की तिथे.

आहे. पण मी खाली आहे.

आमच्याकडे सूर्य उगवला की बारा वाजतात,
म्हणून आईच्या लेखी विमान रात्री सव्वाचारचं
आणि तिकिटावर सव्वादहाचं.
तिने दोन्ही वेळा तळहातावर लिहून घेतल्या, बॉलपेनने,
आणि मग, तिला ओळखतो म्हणून सांगतो,
हात धुतले असणार.

बहिर दारचं विमान चोवीस मिनिटं उशिरा टेकलं.
पंचावन्नातून चोवीस गेली.
वजाबाकी मी बोटांवर केली, पुन्हा केली,
उत्तर तेच.

देजेनेने ट्रॅक्टर असा हाणला की शेवटचा डबा
वळणावर एका चाकावर आला.
आणि ती दिसली: तपकिरी, चेन तुटलेली,
गळ्याभोवती हिरवी नायलॉनची दोरी,
शेळीला मारतात तशी दुहेरी गाठ.
बावीस किलो सहाशे.
आत बेर्बेरे, तीन पिशव्यांत गुंडाळूनही बोलणारं,
शिरोचं पीठ, वाळवलेल्या इंजेराचे तुकडे,
आणि नातवाला टोपी, जी तिकडच्या थंडीला
अर्ध्या कानापर्यंतच पुरेल.

माझी बॅग आधी उचलू नकोस, म्हणाली होती सकाळी,
लोकांच्याही आया असतात.
मी आधी उचलली.
लोकांच्या आयांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

पण बॅग चढली म्हणजे माणूस चढला असं नसतं.
माणूस नाही आला तर बॅग उतरवायची, हा नियम.
वॉयनशेटबाई वॉकीटॉकी कानाला लावून नाव सांगते,
मग आम्ही तीनशे बॅगांतून ती एक हुडकतो,
विहिरीत पडलेली घागर गळाने शोधावी तशी.

सव्वाचारला बारा कमी.
पहिलं नाव आलं. निळी बॅग, कोण्या मकोन्नेनची. काढली.
सव्वाचारला दहा कमी.
वॉयनशेटबाईने दुसरं नाव घ्यायला तोंड उघडलं
आणि तिला खोकला आला.

ती खोकत होती तेवढ्यात
मी आईला सरकत्या जिन्यासमोर उभी पाहिली,
पाय उचलू की नको करत,
मागे अख्खं आफ्रिका खंड खोळंबलेलं.

दुसरं नाव कुठल्याशा फिलिपेचं निघालं.
त्या फिलिपेवर माझं इतकं प्रेम
आजवर कुणीच केलं नसेल. नीट सांगता येत नाही.
त्याची बॅग मी दोन्ही हातांनी उतरवली,
हळू, भिंतीला टेकवून ठेवली.

मग विमानाच्या पोटाचं दार बसलं.
म्हणजे वर ती बसली आहे. पट्टा उलटा लावला असेल.

खिडक्यांच्या रांगेत ती कुठली, ते कळेना.
तरी हात हलवला.
देजेनेला वाटलं त्याला, त्यानेही हलवला.

डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून चोळला,
बोटांना बेर्बेरे होतं.
मग काय विचारता.

एका डोळ्याने लोमेचे गठ्ठे वाचतोय:
ग्वांगजू, चाळीस मिनिटं.