एकास पस्तीस

खोकं उघडलं की आधी प्लॅस्टिकचा वास.
खऱ्या गाडीला मासळीचा यायचा.
शाबान मासेवाल्याची पिकअप ती,
सार्डिनचे क्रेट वाहून वाहून हौदा खारावलेला.

बंदराकडे तोफा चालू होत्या
तेव्हा पोरांनी ती माझ्या दुकानात ढकलत आणली.
विमानं पाडायची दुनळी तिच्या पाठीवर बसवायची होती.
नकाशा सिगारेटच्या पाकिटावर.
शाळेचं फाटक कापून चौकट केली,
मुलींच्या शाळेचं, निळं,
रंग जळताना डोळे झोंबले.

मग वीज गेली.
शेवटचे टाके जनरेटरच्या उचक्यांवर मारले,
मागच्या डाव्या कोपऱ्याचा तर नुसता अंदाजाने.
मिलादने वर चढून दोन उड्या मारल्या.
"पक्कं आहे, उस्ता!"

दुनळी झाडली की हिसका किती बसतो
ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.
मिलादला माझ्या आधी.

आता मिस्रात्यात गाड्या पुन्हा मासळी वाहतात.
मी त्या नखाएवढ्या करून विकतो.
परदेशातलं गिऱ्हाईक लिहितं:
गंज अस्सल हवा, भोकं मोजून हवीत.
देतो. गंज चहाच्या चोथ्याचा,
भोकं तापल्या सुईची,
धूळ मात्र खरी, उंबऱ्यावरची, चाळून घेतलेली.
खोक्यातून चार माणसं निघतात, कोऱ्या तोंडाची.
तिघांना रंगवतो.
चौथ्याचे पैसे गिऱ्हाइकाला परत करतो,
तो विचारतो का, मी म्हणतो, तुटका निघाला.

गुरुवारी संध्याकाळी अय्याद येतो,
मिलादचा मुलगा. चौदा संपली.
बापाने त्याला पाहिलं नाही.
माझा हात कापतो म्हणून भिंग तो धरतो,
आणि शाळेतल्या मास्तरांच्या नकला करतो,
मी हसलो की भिंगही हलतं.

ताराचा तुकडा, डिंकाचा थेंब,
चौकटीला टाके घालतो मी, एकेक, चिमट्याने.
या मापात टाका दिसत नाही.
गिऱ्हाइकाने मागितलेलाही नाही.

"उस्ता, थांबा," अय्याद म्हणाला,
"हा मागचा डावा कोपरा बघा,
टाका नीट धरलेला नाही.
उकलून पुन्हा घालू?"

चहा उकळून उतू गेला होता,
मी उठून तो उतरवायला हवा होता.

"राहू दे," म्हटलं.

त्याने भिंग अजून तिथंच धरलंय.