पाय पाहिजेत

उद्या सगळीकडे लागणार, आज फक्त इथे,
रात्री साडेनऊला, वेंगुर्ल्याच्या टॉकीजमध्ये.
कुडाळची पोरं एकेका बाइकवर तिघं तिघं बसून आलीत,
सावंतवाडीच्या पोरी केस मोकळे सोडून
हनुवटीखाली मोबाइलची बॅटरी धरतात
आणि आपल्यालाच बघून किंचाळतात.
कुणी शिमग्यातला संकासुर होऊन आलाय,
त्याची लांब लाल जीभ समोशाच्या चटणीत बुडते.

माझ्याकडे पास आहे. पोस्टाने आला.
काजूच्या कारखान्यातून तशीच आले,
नखांत टरफलाचं काळं तेल.

माघात युनिट आलं होतं, मांडवीच्या खाडीत.
हडळ मुंबईची. गोरी, स्वभावाने चांगली,
पण चिखलात पाय टाकला आणि रडायलाच लागली.
मग कानाला यंत्र लावलेली ती ऋजुता जेटीवर येऊन म्हणाली,
पाय पाहिजेत.
आम्ही अकरा बायका ओळीने उभ्या, साड्या घोट्याच्या वर,
लिलावाला सुरमई मांडावी तशा.
फिलोमिनाचे फार मऊ निघाले.
हौसा लाजून खाली बसली.
माझ्या टाचांच्या भेगा बघून कॅमेऱ्याचा माणूस म्हणाला,
हे वापरलेले दिसतात. हेच.

साडी उलटी नेसवली, निऱ्या पाठीमागे.
म्हणाले, मागे मागे चाला, वळून बघायचं नाही.
मला काय त्याचं.
ओहोटीला तिसऱ्या काढणारी बाई
निम्मा जन्म वाकून मागेच सरकत असते.
सातव्या वेळी कुर्लीने अंगठा धरला.
बाराशे रुपये मिळाले, आणि डब्यातली बिर्याणी.

आता अंधार.
कंपनीचं नाव आलं तरी शिट्ट्या,
हिरो आला तर तिकिटांचे कपटे, एकाची टोपी, एकाचा रुमाल,
कुणीतरी ढोल आणलाय, पुढच्या रांगेतला भाऊ ओरडतोय,
अरे ऐकू दे रे, डायलॉग आसा!
मग एकाएकी कुणीच बोलेना.
पडद्यावर खाडी. वर चंद्र, जो त्या रात्री नव्हता.
आणि चिखलातून, टाचा पुढे, बोटं मागे,
येतायत
माझे पाय.

होडीएवढे.
डाव्या करंगळीवर विळीची खूण,
ती खूण माणूसभर उंच.
एवढी वर्षं मी त्यांना घासलं, पण असं बघितलं नव्हतं.

शेजारचा पोरगा, मिशीसुद्धा फुटलेली नाही,
माझं मनगट घट्ट धरतो, आणि वर मलाच सांगतो,
भियाव नको गे मावशे, ता सगळा खोटा आसा.
बरं, म्हटलं.

तेवढ्यात हडळ टुणकन उडते.
कुर्ली कापलीच नाही त्यांनी,
उलट एसटीचा भोंगा घातलाय वरून.
अख्खं थेटर खुर्च्यांतून सांडलं,
संकासुर आपल्या जिभेवर पाय देऊन पडला,
पोराने मनगट सोडून टाळी मागितली.
मीही हसले, जरा उशिरा.
चपलेत अंगठा आपोआप आखडला होता.

नावं वर सरकायला लागली तेव्हा सगळे दाराशी.
मी थांबले. जनरेटर, जेवण, ड्रायव्हर चार,
केस, नखं, धूर,
आणि वेंगुर्ल्याचे ग्रामस्थ.
त्या ग्रामस्थांत दहा बोटं माझी.

बाहेर हडळीच्या कटआउटपुढे सेल्फीची रांग.
ती गुडघ्यापर्यंतच आहे. खाली बांबू.

पोरगा बाइक घेऊन थांबलेला.
एकटी जातंस? सोडूक येव? वाटेत खाजण लागता.
म्हटलं, माका कोण धरतला?

दिवे संपतात तिथे चपला हातात घेतल्या
आणि सात पावलं उलटी टाकली.
टॉकीजचा उजेड समोर, लहान लहान होत गेला.
जमतं अजून.
मागून, म्हणजे समोरून, एक बाइक आली,
तिचा दिवा माझ्या पायांवर पडला,
क्षणभर थरथरला,
आणि तिथूनच वळून गेला.

मी चपला घातल्या.
उद्या आठची पाळी.