तक्ता ब

मार्चच्या सतरा तारखेला मुलुंडकडचा डोंगर जळाला.
कुणी म्हणे विडी, कुणी म्हणे
मोहाखालचा पाला साफ करायला लावलेली काडी.
मी लिहिलं: कारण अज्ञात.
बंब सोसायटीच्या फाटकाशीच थांबला, पाइप पुरेना.
विसाव्या मजल्यावरून लोक व्हिडिओ काढत होते
आणि त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर
आमच्या गवताची राख बसत होती,
हळूच, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखी.

आम्ही सहाजण. हातांत करंजाच्या ओल्या फांद्या.
लाडकू उंबरसाडा ओरडत होता,
"बडवू नको, ठिणगी उडते. दाब.
पोर निजवतेस तशी दाब."
त्याच रात्री त्याच्या भुवया गेल्या.

चौथ्या दिवशी मोजदाद.
तक्ता अ: वृक्ष. तक्ता ब: झुडपे व इतर.
साग मोजला, ऐन मोजला,
कुड्याच्या उरल्यासुरल्या काटक्या मोजल्या,
मग ओढ्याच्या घळीत उतरले
आणि वृक्षनेच्यापुढे पेन्सिल थांबली.

दाजी पवळे नर्सरीत माळी होते तेव्हा
महाबळेश्वरहून गोणपाटात गुंडाळून
एसटीच्या टपावरून त्यांनी आणलेला हा.
इथे जगायचा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.
घळीतली ओल धरून तो अठ्ठावीस वर्षं उभा राहिला,
माझ्या दुप्पट उंच, डोक्यावर छत्रीभर पानं.

आता नुसता खांब. कोळसा.
खोडावर गळल्या पानांचे लंबगोल वण,
मला ते डोळे वाटायचे,
तेही काळवंडून मिटलेले.
नेच्याला फूल नाही, बी नाही.
झाड म्हणावं तर आत लाकूड नाही,
गवत म्हणावं तर मान वर करून बघावं लागतं.
लिहिलं: तक्ता ब. इतर. एक. मृत.
सही केली. साहेबांनी कागद बोरिवलीला पाठवला.

एप्रिल. वही घामाने हाताला चिकटते.
लाडकूच्या डाव्या भुवईवर मऊ लव आली,
उजवी अजून विचार करते आहे.
त्याची बायको धर्मी म्हणते,
माझा नवरा अर्धाच चकित दिसतो.
त्यानेच घळीतून हाक मारली,
"बाय, ये. पण हात लावू नको."

खांबाच्या टोकाला,
जिथे जुन्या देठांची बुडं एकमेकांना कवळून बसलेली,
त्या जळक्या दाटीत मधोमध
तांबूस केसांत गुंडाळलेलं काहीतरी.
मूठ.
घट्ट, दमट, माकडाच्या पिलाच्या मुठीएवढी.
शेजारी आणखी एक.
तिसरीचं नुसतं बोट.

बाहेरचं सगळं त्यानं आगीला देऊन टाकलं होतं,
वाळकी पानं, देठ, मुळांचं जाड घोंगडं,
आणि आतला एवढा कोंब
पदराच्या गाठीतल्या नोटेसारखा
दाबून ठेवला होता.
पावसाला अजून दोन महिने.
ओढ्यात पाणी नाही, नुसता ओला वास.
त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं.

आठव्या दिवशी मूठ उलगडली.
आत मुठी निघाल्या,
त्यांच्या आत आणखी बारक्या,
प्रत्येक जण काहीतरी लपवून आणल्यासारखी.
हिरवा असा की आजूबाजूची राख
उगाच ओशाळलेली वाटली.

मी बोरिवलीला फोन लावला.
तिकडचा म्हणाला, दुरुस्तीचा फॉर्म वेगळा असतो,
आणि मार्चअखेर झाली, खातं बंद.
एका नेच्यासाठी आता कोण उघडणार?

म्हणजे डोंगरावर जिवंत, फायलीत मेलेला.
लाडकूला सांगितलं.
तो खालच्या टॉवरांकडे बघत राहिला,
नव्या क्रेनकडे,
मग हसला, एकाच भुवईनं.
"बरंच झालं. मेलेल्याला तोडायला कोण येतंय?"
आणि ओंजळभर राख उचलून
बुंध्याशी सारली.